गेझिनेचा मंजूर झालेला ठराव

गेझिने, तुझ्या शोकसभेत सगळे भरभरून बोलले. तू जिवंत असताना यांचीच दातखीळ बसली होती, हे मात्र एकानंही सांगितलं नाही. म्हणून हे पत्र.

एवढं लिहून अल्मुट थांबली. गेलेल्या मैत्रिणीपाशी तक्रार करून काय होणार?

ब्रेमेनमधल्या त्यांच्या वस्तीनं इंटरनेटवर आपली गप्पांची जागा चालवली होती. मालक सगळेच, वर्गणी ऐपतीप्रमाणे, जाहिरात एक नाही. ठराव तिथेच मांडायचा, आठवडाभरात हरकत आली नाही तर मंजूर, असा नियम. सर्व्हर अडला किंवा दोघं हमरीतुमरीवर आले, की निस्तरायला मात्र एकटी गेझिने. निवृत्त ग्रंथपाल, गुडघे कामातून गेलेले, चिकाटी दांडगी.

वर्गणीतून अर्धवेळ माणूस नेमू, असं तिनं सुचवलं. "आपण काय कंपनी आहोत?" डेटलेफ या एकट्या सभासदानं हरकत घेतली आणि ठराव पडला. हिवाळ्यात तिच्या छातीत दुखू लागलं, तेव्हा तिनं दुसरा मांडला: वसंतापासून माझं काम दोघांनी घ्यावं. आठवडाभर कुणी चकार शब्द काढला नाही. ठराव मंजूर!

वार्षिक सभेत बटरकेक चघळत डेटलेफ म्हणाला, "सुटलीस बाई!"

"सुटले? काम घेतलं कुणी?"

"ठरावात नावं कुठे होती?"

"कुणाची घालू? तुझ्या मांजराचं?"

सगळे हसले. तीही हसली, आणि घरी जाऊन पुन्हा त्याच कामाला बसली.

मग तिनं अल्मुटला गळ घातली. "अगं, तू तरी चल. आपला सर्व्हर ठेवलाय त्या इमारतीत तुझं नाव नोंदवू."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"कळायला कशाला हवं? मी नसले तर तुला आत तरी सोडतील."

"मरणाच्या गोष्टी पुरे. गुरुवारी जाऊ."

बुधवारी गेझिने स्वयंपाकघरात कोसळली, ती उठलीच नाही.

सर्व्हर काही आठवडे आपोआप चालला. लोकांनी त्याच्यावरच तिला श्रद्धांजल्या वाहिल्या. मग तो बंद पडला. त्या इमारतीच्या फाटकावरच्या माणसानं डेटलेफला आत सोडलं नाही. नोंद एकट्या गेझिनेची. नवं नाव द्यायचं तर सभासदांचा ठराव हवा, आणि ठराव मांडायची जागा तर तीच, बंद पडलेली. वर्षानुवर्षांचं बोलणं, भांडणं, त्या श्रद्धांजल्यासुद्धा आत अडकून पडल्या.

अल्मुटनं पुन्हा पेन उचललं. गुरुवारी ट्रामच्या थांब्यावर भेटायचं ठरलं होतं. ओळखपत्र विसरू नकोस, असं गेझिनेनं दोनदा बजावलं होतं. दोघींचं ते जाणं राहूनच गेलं.