पुढचंकाय सर

माझे काका विद्यापीठाच्या करिअर मार्गदर्शन कक्षात नोकरीला आहेत. पोरं त्यांना पाठीमागे ‘पुढचंकाय सर’ म्हणतात, कारण पहिल्या वर्षाचं पोर दारात उभं राहिलं की नाव विचारायच्या आधी काका विचारतात, "पुढचं काय?" घरीही तेच. एकदा त्यांनी काकूला विचारलं, "पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतेस?" काकू म्हणाली, "याच ओट्यापाशी. आता बाजूला व्हा, दूध उतू जातंय."

माणूस ढोंगी नाही, हे आधीच सांगते. तरुणपणी एका मुलाखतीत साध्या प्रश्नाला त्यांची दातखीळ बसली आणि हातातोंडाशी आलेली नोकरी गेली. ती वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये म्हणून ते पोरांना घोकवून घोकवून तयार करतात. कॉलेजसाठी मी त्यांच्याच घरी राहते, त्यामुळे माझी तयारी तर जेवतानाही चालायची.

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याला उन्हाळ्यात काम शिकायला घेतात. तिथे शिरलेल्याला पुढे सहसा तिथेच नोकरी मिळते. मला ती जागा हवी होती, मनापासून हवी होती. काकांनी पहिल्या वर्षापासून माझा सगळा रोख तिकडेच ठेवला होता.

मुलाखतीला दरवर्षी एकेकाला आत बोलावत. यंदा प्रयोगशाळेच्या साहेबीणबाईंनी आम्हा तिघा उमेदवारांना एकदमच टेबलापुढे बसवलं. विद्यापीठाचा माणूस म्हणून काका कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. ‘तुमच्या हातून बिघडलेलं एखादं काम सांगा’ हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. आला, आणि आधी माझ्या शेजारच्या कुरळ्या केसांच्या मुलीला आला.

"पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत माझ्याकडून दोन नमुन्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली," ती म्हणाली. "सगळ्या वर्गाची मेहनत वाया गेली. कुणाला कळलं नव्हतं, पण मी स्वतः जाऊन सरांना सांगितलं."

ही माझी गोष्ट होती. माझ्या चिठ्ठ्या, माझे सर, आणि ‘कुणाला कळलं नव्हतं, पण’ हे काकांनी बसवून दिलेलं वाक्यसुद्धा! मी काकांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

दुसरा नंबर उंच मुलाचा. त्याने वडिलांच्या शिवणकामाच्या दुकानात एका गिऱ्हाइकाची पँट आखूड कापली होती. "त्यांच्या घरी गेलो, शिव्या खाल्ल्या, परत आलो," तो म्हणाला. बाई हसल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"माझीही तीच," मी म्हणाले. दुसरं तोंडातून निघेचना.

"कुठली तीच?"

"चिठ्ठ्यांची."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "दोघींची एकच चूक?"

ती मुलगी पांढरीफटक पडली. मी खोटी ठरणार होते, आणि स्वतःच्याच गोष्टीवरून. मला किंचाळावंसं वाटत होतं. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि काका उभे राहिले.

"गोष्ट हिची आहे," ते म्हणाले. "माझी पुतणी आहे ही. त्या मुलीकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी ती तिला दिली. वाटलं, वेगवेगळं बोलावाल. चूक माझी आहे, पोरींची नाही."

बाई मला म्हणाल्या, "ठीक आहे. तू दुसरी सांग."

मी तोंड उघडलं. आठवू लागले. कॉलेज, घर, अभ्यास, काकांसमोरची खुर्ची. पुन्हा कॉलेज, घर. बाई थांबल्या होत्या, वाट बघत होत्या, आणि मला काहीच सापडत नव्हतं.

जागा उंच मुलाला मिळाली.

बाहेर आल्यावर काका माझ्यामागे जवळजवळ धावतच आले. "अगं, मी सगळं कबूल केलं ना? मग दुसरी कुठलीही सांगायची होतीस! एवढी तयारी करून घेतली तुझी!"

"दुसरी नाहीये, काका."

"असं कसं? काहीतरी असेलच की!"

"सहलीला जाऊ का विचारलं, तुम्ही नको म्हणालात. नाटकात घेत होते, वेळ जाईल म्हणालात. समोरच्या दुकानात संध्याकाळी काम करते म्हटलं, तर म्हणालात, त्याचा पुढे काय उपयोग? मग चुकायला मी गेले कधी आणि कुठे?"

काका भिंतीजवळच्या बाकावर बसले, चष्मा काढून हातात घेतला. मला त्यांचा संताप आला होता आणि कीवही येत होती. शेजारी जागा होती, पण मी उभीच राहिले.