पॅकिंग लाईनचं बीपी

"डॉक्टर, तेवढं 'अनफिट' लिहा, म्हणजे विषय संपला," मॅनेजर साहेब म्हणाले.

विषय म्हणजे वनिता. पॅकिंग लाईनवरची बाई. नवरा गेलेला, घर तिच्याच पगारावर. महिन्यात दोनदा चक्कर येऊन पडली, म्हणून कंपनीला तिची काळजी वाटू लागली होती. काळजी वाटली की कंपनी माणसाला घरी पाठवते.

माझा दवाखाना किन्हवलीला. मंगळवारी आणि शुक्रवारी मी मुरबाडच्या या कारखान्यात बसतो. कामगार काम करू शकतो की नाही, एवढंच लिहायचं: फिट किंवा अनफिट. भिंतीवर 'हसत काम करा' असा बोर्ड आहे.

कारखान्यात वनिताचं बीपी एकशे साठ निघालं. रविवारी तीच बाई माझ्या दवाखान्यात आली, तर एकशे वीस.

"घरी काय नाय होत," ती म्हणाली. "कंपनीच्या गाडीत बसलं का छाती धडधडते. झोप नाय. पोरगी मोठ्यानं बोलली तरी दचकते मी."

"लाईनवर काय होतं?"

ती खाली बघत म्हणाली, "सुपरवायझर माईकवर नाव घेतात. वनिताबाई, झोपल्या का, उठवायला नवरा नाय ना आता. समदे हसतात. आधी मीपन हसायचे."

माईक उत्पादन वाढावं म्हणून दिला होता. उत्पादनाचं मला माहीत नाही.

शुक्रवारी मी लाईनवरच्या अकराही जणींचं बीपी मोजलं. नऊ जणींचं जास्त. पुढच्या आठवड्यात सुपरवायझर भावाच्या लग्नाला गेला. पुन्हा मोजलं, तर त्या नऊपैकी दोघी सोडून सगळ्यांचं उतरलेलं. मला माझीच लाज वाटली. दोन वर्षं मी या बायांना अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या वाटत होतो.

कागद घेऊन साहेबांकडे गेलो.

"तुमचं मशीन बिघडलंय," ते म्हणाले.

"बघू. हात द्या."

एकशे तीस. साहेब खूश झाले. पट्टा दंडावर होता तेवढ्यात हेड ऑफिसचा फोन आला. साहेब बसल्या जागी ताठ झाले. "येस सर. सॉरी सर. माझीच चूक सर." फोन ठेवताच मी बटण दाबलं. एकशे अठ्ठ्याहत्तर. स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"हे फाईलला लावू नका," ते हळूच म्हणाले.

"नाही लावत. लावलं तर तुम्हालाही अनफिट लिहावं लागेल."

वनिताच्या कागदावर मी 'फिट' लिहिलं. खाली लिहिलं, लाईनवरचा माईक काढावा. साहेबांनी न वाचता सही केली, किंवा वाचून न वाचल्यासारखी.

माईक निघाला. सुपरवायझरला गोडाऊनला पाठवलं. तिथे खोकी आहेत, ती काही मनावर घेत नाहीत. ताण कसा घालवावा यावर कंपनीनं सेशनही ठेवलं. त्यात पहिलं भाषण सुपरवायझरचंच झालं.

वनिता कामावर आहे. बीपी ठीक. फक्त मागून कुणी नावानं हाक मारली की तिच्या हातातलं खोकं सुटतं. म्हणून बाया आता तिला हाक मारत नाहीत, समोर जाऊन उभ्या राहतात. कागदावर ती पूर्ण फिट आहे. सही माझीच आहे.