राखेनं घासलेले बोल्ट

रहमतुल्ला मिस्त्रींना मोटारीबद्दल काही विचारलं की ते आधी दाढी कुरवाळत आणि मग उत्तर देत. उत्तर बहुतेक एकच असे : "हाताला कळतं, जी." निजामाच्या राज्यात आमच्या बीडात मोटारीच मोजक्या, त्यामुळं मिस्त्रींच्या हाताला काय कळतं नि काय नाही, हे तपासणार कोण? मिस्त्री सुखी होते.

एका जमीनदारानं टाकून दिलेली मोटार त्यांनी मिळवली आणि अंगणात खोलून ठेवली. धाकट्या मेहुणीच्या निकाहाला नेकनूरला आपल्याच मोटारीतून जायचं, असा शब्द त्यांनी बायकोला, हाफिजाबींना, दिला होता. असले शब्द हाफिजाबींनी पूर्वीही ऐकले होते. पण या खेपेला त्यांनी माहेरी कळवून टाकलं होतं. मोटार चालली नाही, तर नाक मिस्त्रींचं नव्हे, त्यांचं जाणार होतं.

इंजिनात पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारे चार दांडे असतात, त्यांना कनेक्टिंग रॉड म्हणतात. दर दांड्याला दोन बोल्ट. जिथला बोल्ट तिथंच परत, हा मिस्त्रींचा कायदा. म्हणून प्रत्येक जोडी निराळ्या रंगाच्या चिंधीत, तेलकट तशीच, बांधून त्यांनी कोनाड्यात ठेवली होती. बोल्टाचं तेल कधी पुसायचं नाही, हा दुसरा कायदा.

निकाहासाठी घराची साफसफाई निघाली आणि हाफिजाबींना त्या काळ्या चिंध्या दिसल्या. त्यांनी चिंध्या धुऊन वाळत घातल्या. आठही बोल्ट राखेनं घासून, पेल्यांसारखे लखलखीत करून, शहाबादी फरशीवर ओळीनं डोक्यावर उभे केले.

मिस्त्री आले, ओळ पाहिली आणि मटकन बसले. मग बरंच बोलले. ते इथं लिहिण्यासारखं नाही. हाफिजाबी भाकरी थापत राहिल्या, आणि ते दमल्यावर म्हणाल्या, "हाताला कळतं ना? मग सांगा की, कोण कुणाचा जोडीदार ते."

एकेका बोल्टावर मिस्त्री नट बोटांनीच फिरवू लागले. पान्याशिवाय नट शेवटपर्यंत गेला, तर बोल्ट धड. एकावर तो अर्ध्यातच अडला. तेल लावलं, तरी अडला.

"ह्यो बाकीच्यांपेक्षा उंच हाय का?" हाफिजाबींनी चुलीपासूनच विचारलं.

मिस्त्रींनी बोल्ट परत ओळीत उभे करून सगळ्यांच्या वरच्या टोकांवर पोलादी पट्टी आडवी ठेवली. त्या एकावर ती झुलू लागली. बोल्ट ताणला होता, त्याची मान बारीक झाली होती. तेलाच्या थराखाली ती आजवर दिसली नव्हती. हातालाही कळली नव्हती.

नवा बोल्ट हैदराबादहून रेल्वेनं जालन्याला आणि तिथून पुढं बीडला यायचा, आणि निकाह तर तोंडावर. चालत्या गाडीत बोल्ट तुटला, की दांडा इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो, हे मिस्त्रींना ठाऊक होतं. तरी ते पुटपुटले, "इतके दिस चालला. आनखी एक फेरी चालंल."

"त्या फेरीला मी बसनार हाय. येताना अम्मीबी बसंल." हाफिजाबींनी भाकरी उलटली. "बैलगाडीनं जाऊ. नाक माझं हाय, मी बघून घेईन."

ताणलेल्याचा जोडीदारही भरवशाचा नसतो. पण तो कोणता, हे आता कळायला मार्ग नव्हता. म्हणून मिस्त्रींनी आठही नवे मागवले.

नेकनूरच्या वेशीवर मेहुणा मैनुद्दीन वाटच बघत होता. त्यानं बैलांभोवती एक चक्कर मारली.

"दुल्हेभाई, मोटारीला शिंगं कवा फुटली?"

मिस्त्रींनी दाढी कुरवाळली. हाफिजाबी मान ताठ ठेवून उतरल्या.

निकाहानंतर पहिले काही शुक्रवार नवरानवरीला मेजवानी देतात, तिला जुम्मागी म्हणतात. सुरुवातीच्या जुम्माग्या बैलांनीच निभावल्या. मग बोल्ट आले. शेवटच्या जुम्मागीला धूळ उडवत, खोकत का होईना, मोटार नेकनूरच्या वेशीत शिरली. मैनुद्दीननं तिच्याभोवतीही चक्कर मारली, पण या वेळी शिंगं काही सापडली नाहीत.

बायका गोळा झाल्या. बसायला भीती नाही ना वाटत, असं कुणीतरी विचारलं. हाफिजाबींनी बुरखा झटकला.

"भीती कावून? बोल्ट सगळे नवे हायत. तरी मी आदी राखेनं घासून बघितले, मगच बसवू दिले."