लगद्यावरची पाच बोटं

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कागद कुटणं. रविवार होता, सकाळची वेळ. शुक्रवारी रद्दी फाडून भिजत घातली होती, ती फुगून मऊ झाली होती. तिचा उजवा खांदा वर्षभर धरलेला, म्हणून मुसळ माझ्या हातात. ती पाटावर बसून कागद पिळायची आणि एकेक मूठ उखळात टाकायची. "हळू मारा, भात नाय कांडत तुमी." "मग तू मार." "मारते की. तुमचा खांदा द्या इकडं." असं चाललं होतं. कुटून झालं, तिनं मेथीची पूड घातली, मैद्याची खळ घातली, सगळं एकजीव मळलं आणि लगदा घमेल्यात भरला. वरून हात दाबून सारखा केला, ओलं पोतं टाकलं आणि म्हणाली, "उद्या एवढं शाळेत पोचवाल का? मला डोक्यावर नाय झेपत आता." मी म्हटलं, "कुणाला तरी बोलव. मी शाळेत येणार नाय, तुला ठाऊक हाय." तिनं हात धुतले, भात टाकायला आत गेली... अर्ध्या तासानं भांडं पडल्याचा आवाज आला. चुलीपाशी बसल्या बसल्या कलंडली होती. शेजारच्या पोराची रिक्षा काढली, महाडपर्यंत नेली. डॉक्टरनं मनगट धरलं आणि सोडलं. मला काय ते तेवढ्यात कळलं.

दीड महिना झाला त्याला. इंदू माझी बायको, सेहेचाळीस वर्षांची सोबत. शाळेतली पोरं तिला लगदाआजी म्हणायची. हे मी लिहिलंय, शाळेच्या बाईंनी काना-मात्रा नीट केल्यात, बाकी काही बदलू नका असं मी त्यांना बजावलंय. मी मैलकुली होतो. म्हणजे सरकारी रस्त्याचा आपल्या वाट्याचा तुकडा राखायचा, गटारं उपसायची, दरड आली की फावडं घेऊन पळायचं. पोलादपूरच्या वर आंबेनळी घाटात सारी नोकरी गेली. अक्षरं नि आकडे मला मैलाचे दगड रंगवून पक्के झाले, शाळेत नाही. दुसरीत असताना माझ्याकडं पाटी नव्हती म्हणून मास्तरानं वर्गाबाहेर उभा केला. तो मी अजून बाहेरच. गावच्या शाळेवरून रोज जायचो, पण पायरी चढलो नाही. पोराचं नाव घालायलासुद्धा तिलाच पाठवली.

ती त्या शाळेत खिचडी शिजवायची. लगद्याचं कसं सुरू झालं ते तिनंच मला सांगितलं. हस्तकलेच्या तासाला बाईंनी बाजारातली रंगीत माती आणायला सांगितली होती. निम्म्या पोरांनी आणली. बाकीची भिंतीला टेकून बघत उभी. ही हातात पळी घेऊनच वर्गाच्या दारात गेली. "बाई, रद्दी हाय का तुमच्याकडं?" तिच्या आईकडं, पोलादपूरच्या बाजूला, जुन्या टोपल्यांना भोकं पडली की कागद नि मेथी कुटून लिंपायचे. टोपली वाळली की दगडासारखी. ते तिला लहानपणापासून येत होतं. त्यातून तिनं पोरांना पोपट करायला शिकवले, बैल शिकवले, आंबे, भाकरीची टोपली, चूल आणि चुलीवरचं इवलंसं भांडंसुद्धा. कागदाला कात्री लावू द्यायची नाही. "कापलेला कागद एकमेकाला धरत नाय, फाडलेला धरतो," म्हणायची. पोरं फाडायला एका पायावर तयार. घरी वही फाडली तर मार, इथं फाडलं तर शाबासकी.

मी तिला वेड्यात काढायचो. म्हातारपणी चिखलात खेळतेस म्हणायचो. माझं तोंड असंच हाय, गोड बोलायला मला कधी जमलंच नाही. एकदा श्रावणात पोरांचे पोपट वाळेचनात. आमच्याकडं तेव्हा कपडासुद्धा आठवडाभर वाळत नाही. ती महाडला गेली होती, मी म्हटलं आपण जरा मदत करावी. चुलीवर बांबूची मांडणी टांगलेली हाय, सुकट ठेवायची. त्यावर सगळे पोपट ओळीनं मांडले आणि खाली लाकडं सारली. संध्याकाळी ती आली तेव्हा पोपट खडखडीत वाळलेले, पण काळे ठिक्कर. वर सुकटाचा वास. एक तर मांजरानं उचलून नेला. मला वाटलं आता ही बोलणार. ती मटकन खाली बसली आणि हसत सुटली. "बरं झालं गो बाई, पितरांना कावळे हुडकायला नकोत." दुसऱ्या दिवशी तिनं पोरांना सांगितलं, आजोबांनी केलं. पोरांनी ते काळे पोपट रंगवायला नकार दिला. तसेच ठेवायचे, पोरं म्हणाली. मला बघायला बोलावलं होतं. गेलो नाही.

महाडला मोठा पूर आला, त्याच पावसात तळीये गावावर डोंगर कोसळून आला. घाटात जन्म काढलेला माणूस मी, पण त्या दिवसांत मला जेवण जाईना. बाजारपेठेत चिखल उपसायला आम्ही दोघं गेलो होतो. एका दुकानदारानं भिजलेल्या कोऱ्या वह्यांचे गठ्ठे रस्त्यावर टाकले होते आणि तो त्यांच्याकडं पाठ करून बसला होता. हिनं विचारलं, "दादा, हे मी नेऊ?" तो म्हणाला, "ने मावशी, आता त्यावर कोण लिहिणार?" तीन पोती भरली. धुतलं, वाळवलं, ठेवलं. शाळा उघडली तेव्हा पोरांनी त्या कागदाची घरं केली. बाईंनी सांगितलं नव्हतं, हिनंही नाही. ती मला म्हणाली, "एकानं पन मागं डोंगर नाय केला."

पाटीची गोष्ट मी तिला एकदाच सांगितली होती, लग्न नवीन असताना. तिनं ती पुन्हा कधी काढली नाही. पण दरवर्षी काहीतरी निमित्त काढायची. घमेलं जड हाय. सुतळी विसरली, आणून द्या. पोरं तुम्हांला विचारतात. मी दरवेळी नाही म्हटलं. आता एकेक नाही मला आठवतं. घमेलं ती अकरा वर्षं डोक्यावर नेत होती, खांदा दुखायला लागला तरी नेत होती. मला हाक कशासाठी मारायची ते मला आत्ता कळतंय.

त्या रविवारी दुपारपर्यंत मुलगा कळंबोलीहून आला, दिवस मावळायच्या आत सगळं आटपलं. नदीवरून परत आलो तर भावजय घर धुऊन काढत होती. आमच्याकडं माणूस गेलं की घरात शिजलेलं, भरलेलं काही ठेवत नाहीत. हंडे उपडे करतात, भात बाहेर टाकतात. तिनं भाताचं भांडं नेलं, पाणी ओतलं आणि घमेल्याला हात घातला. मी म्हटलं, "ठेव खाली."

"अवो भावजी, ओलं हाय ते. घरात नाय ठेवायचं."

"शिजलेलं नाय ते. ठेव."

ती रडत रडत बाजूला झाली. मी पोतं उचलून बघितलं. लगद्यावर तिचा हात उमटला होता. पाचही बोटं. करंगळी जरा वाकडी, विळ्यानं कापली होती तेव्हापासून. अंगठ्यापाशी बांगडी टेकल्याची रेघ. सेहेचाळीस वर्षांत आम्ही फोटो काढले ते दोनच, आणि दोन्हींत तिनं हात पदरात घेतलेले. मी तिथंच बसलो. मनात आलं, हे असंच राहू द्यावं. दोन दिवसांत वाळेल, मेथी घातलीय, कीड लागणार नाही. दगडासारखं राहील, माझ्यामागंही राहील. मुलगा म्हणाला, "बाबा, मी कपाटात ठेवतो नीट." मी पोतं ओलं करून परत टाकलं.

सकाळी उठलो. मुलगा म्हणाला, "दहा दिवस कुठं जायचं नसतं, बाबा." मी म्हटलं, "मला कळतं." टॉवेलाची चुंबळ केली आणि घमेलं डोक्यावर घेतलं. जड होतं. वाटेत दोनदा थांबलो. शाळेच्या पायरीवर घमेलं उतरवलं आणि खालीच उभा राहिलो. बाई बाहेर आल्या. मागून पोरं आली. सगळ्यांना ठाऊक होतं. तिसरीतली एक पोरगी पुढं आली, वाकून वास घेतला.

"आजोबा, मेथी घातलीय?"

"घातलीय. तिनंच."

पोरीनं पोतं बाजूला केलं आणि हात बघून मागं सरली. एकही पोर लगद्याला हात लावेना. मी चप्पल काढली, पायरी चढलो, घमेलं उचलून वर्गात नेलं आणि पोरांच्या मधे खाली बसलो. पहिला गोळा मीच काढला, अंगठ्याच्या बाजूनं. त्या पोरीच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, "दाखव आता मला, पोपट कसा करतात."