नाव नसलेली खाज

कातडीच्या आत कुणी खाजकुइली चोळावी, तशी ती आग संध्याकाळी सुरू होत असे. आधी कोपरांवर, मग गुडघ्यांवर बारीक पाणीदार फोड उमटत, आणि दिवसभर फळ्यावर शांतपणे व्याकरण लिहिणारा हा हात स्वतःच्याच देहाचा वैरी होई. तुम्हालाही कधी खाज सुटली असेल. पण ती खाजवल्यावर थांबणारी असेल. न थांबणाऱ्या खाजेला आपल्या भाषेत वेगळा शब्द असायला हवा होता, असे मराठीचा शिक्षक म्हणून मला अनेकदा वाटले आहे.

घरात शिकलेला मी पहिला. चाकूरच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा आईने महादेवाला बेल वाहिला. एवढा शिकलेला मुलगा आपल्या आजाराचे नाव तरी शोधून काढील, अशी तिची भाबडी खात्री होती. वैद्य झाले, मलमे झाली, पथ्ये झाली. शेवटी नांदेडच्या एका वृद्ध डॉक्टरांनी चष्मा काढून सांगितले, की हे काय आहे ते त्यांना ठाऊक नाही. एक गोळी आहे, ती कुष्ठरोगाची. मला कुष्ठरोग नाही. पण माझ्यासारख्या काहींना ती लागू पडलेली त्यांनी पाहिली आहे. स्वतःचे अज्ञान इतक्या स्वच्छपणे सांगणाऱ्या त्या माणसाविषयी मला आजही कृतज्ञता वाटते.

गोळी लागू पडली. आठवडाभरात आग विझली आणि मी माणसासारखा झोपू लागलो. ती दुकानात मिळत नसे. ज्यांना लागते त्यांना सरकार फुकट देते, मग दुकानदार कशाला ठेवील? नांदेडच्या चिठ्ठीवर आमच्या गावच्या कुष्ठरोग केंद्रातले डॉक्टर ती मला मागच्या खिडकीतून देत. पुढच्या दाराशी रुग्णांची रांग असे. मी मागून येई, मागून जाई.

मग लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादचा हेलपाटा वाचला म्हणून गावात पेढे वाटले गेले, मीही वाटले. पण नव्या जिल्ह्याबरोबर नवे साहेब आले, नवी शिस्त आली. गोळी रुग्णालाच, इतर कुणाला नाही. डॉक्टर संकोचून म्हणाले, की खिडकी आता बंद. फार तर रुग्ण म्हणून नाव घालतो, मात्र मंगळवारी रांगेत बसावे लागेल.

मंगळवार बाजाराचा. अवघ्या पंचक्रोशीची माणसे त्या रांगेसमोरून जातात, रेणापूरचीही. आणि माझ्या धाकट्या बहिणीचे, मंगलचे, रेणापूरला जवळजवळ ठरलेले! रक्तपितीचे, म्हणजे कुष्ठाचे, घर म्हणून एकदा बोट उठले, तर ते खाली कोण घेणार? आईने तो शब्दसुद्धा घरात उच्चारू दिला नाही. मी मान डोलावली आणि गोळीवाचून राहू लागलो.

त्यातच पाऊस फिरकला नाही. गोळी नसताना एकच उतारा असे, ओल्या फडक्याच्या घड्या. आणि विहिरींनी तर तळ दाखवलेला. टँकर वेशीपाशी येई. मंगल रेटारेटी करून घागर भरून आणी, आणि ती माझ्या कोपरांवर, गुडघ्यांवर रिती होई. पीठ भिजवायला आई पाणी चुळीचुळीने वापरी. माझ्या अंगावर मात्र ते सांडत होते. आपण कुणासाठी तरी सोसतो आहोत, या समाधानात मी होतो. सोसण्याचाही एक अहंकार असतो, नाही का?

एका संध्याकाळी फडके पिळता पिळता मंगल म्हणाली, "दादा, माझ्या लग्नासाठी सोसून राहिलास म्हणं. पाणी तर मीच वाहून राहिले की." मग हसून पुढे म्हणाली, "रेणापूरच्यांना काय कळायचं ते कळू दे. त्यांच्या गल्लीत टँकर येतो का, तेवढं विचारून ठेव."

आईने तव्यावरची भाकरी उलटली. चुलीपुढून ती उठली नाही.

मंगळवारी मी अर्धी रजा टाकली. केंद्रापुढच्या कडुनिंबाखाली रांग बसली होती. बोटे झडलेल्या, फडकी गुंडाळलेल्या हाताचा एक म्हातारा माझ्याकडे बघत होता. मी नकळत कोपर खाजवत होतो.

"खाजतंय व्हय, मास्तर?" त्याने विचारले.

"हाव, लई."

"मग आमचं न्हाई तुमाला. आमाला चुलीतला इस्तू लागला तरी कळत न्हाई."

माझी चोरी पकडली गेली असे वाटून मी उभाच राहिलो. ज्या वेदनेपासून मी पळत होतो, तिच्या अभावाने या माणसाचे हात नेले होते. तो आता सर्वांना सांगेल, हसेल, असे वाटले. म्हातारा मात्र जरासा सरकला आणि सावलीतली जागा त्याने हाताच्या खुंटाने झाडली.

रस्त्यावरून बैलगाड्या बाजाराकडे निघाल्या होत्या. मी बसलो, तोंड रस्त्याकडे करून.