जिन्याखालचा बाक

"ए बाई, ऊठ. कामवाल्यांनी इथं बसायचं नाही."

आमच्या इमारतीचे सेक्रेटरी माझ्या आईला म्हणाले. ती तळमजल्यावर, जिन्याखालच्या सिमेंटच्या बाकावर बसली होती. रोजच बसायची. चौथ्या मजल्यावर तिला माणसं दिसत नसत. म्हणून, लिफ्ट बंद असली तरी, गुडघे धरत जिना उतरायची आणि मी अंबाडीच्या शाळेतून परत येईपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्यांना बघत राहायची.

त्या दिवशी मी नेमका दारातून आत येत होतो. सगळं ऐकलं.

सेक्रेटरी मला बघून चपापले. "अरे सर! तुमच्या आई होय? वाटल्या नाहीत हो."

आणि मी हसलो.

मी मराठी शिकवतो. शब्दांवर माझं पोट चालतं. त्या वेळी एकही शब्द निघाला नाही. ओशाळं हसू निघालं, समोरच्या माणसाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून काढलेलं. ते मी आश्रमशाळेत, जेवणाच्या रांगेत शिकलो होतो. एवढी पुस्तकं वाचली, तरी ते गेलं नाही.

वर जाताना आई दुसऱ्या मजल्यावर थांबली. श्वास घेतला. "तं मी बसायचा कुठं?"

"घरात बस ना, आई."

ती घरात बसली. मी सांगितलं म्हणून. त्यानंतर चार महिन्यांनी ती खाली आली, ती चौघांनी उचलून. लिफ्ट तेव्हाही बंद होती.

आम्ही वारली. गाव अंबाडीच्या पुढं, आत. दिवसकार्य तिथंच केलं. परत आलो तर जिन्याखाली बाक नव्हता. सिमेंटच्या तुकड्यांनी भरलेली पोती होती आणि जमिनीवर बाकाच्या आकाराचा पांढरट चौकोन. लॉबीचं नूतनीकरण सुरू झालं होतं.

रविवारी सकाळी त्याच लॉबीत खुर्च्या टाकून सभा झाली. मी मागं बसलो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या-आल्याच तापल्या.

"लिफ्ट आधी करा. आम्ही धापा टाकत चढतोय आणि तुम्हाला भिंती सजवायच्यात! आणि बाक कुणाला विचारून तोडला?"

"काकू, बाक ठेवला तर नारपोलीच्या यंत्रमागांवरची अर्धी शिफ्ट इथं येऊन डबा खाईल," सेक्रेटरी म्हणाले. लोक हसले.

"खाऊ दे की. तुमच्या ताटातलं खातायत का?"

काकूंकडं कुणी लक्ष दिलं नाही. सेक्रेटरींनी मोबाइल फिरवायला दिला. बाकाच्या जागी चपलांचं कपाट येणार, त्याच्यावरच्या भिंतीवर वारली चित्र. मोबाइल माझ्यापर्यंत आला. मी बघितलं. तो चौक होता. लग्नाचा चौक, मधोमध आमची देवी.

आमच्यात लग्नघरात सवाशिणी तांदळाच्या पिठानं तो काढतात. तो निघाल्याशिवाय लग्न लागत नाही. आई काढायची, तेव्हा गावातल्या बाया तिची रेघ बघायला उभ्या राहत. बाबा गेले आणि तिनं चौकाला पुन्हा हात लावला नाही. तसं तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

"सर, तुम्हीच काढा ना," सेक्रेटरी म्हणाले. अगदी प्रेमानं. "तुमच्या तर रक्तातच असतं. आपल्या इमारतीला शोभा येईल."

सगळे माझ्याकडं वळून बघायला लागले. ते जुनं हसू गालापर्यंत आलं. मला ते येताना कळलं. मी दात आवळले आणि उभा राहिलो.

"हा चौक सवाशिणी काढतात. लग्नघरात. चपलांच्या वर काढत नाहीत. आणि माझी आई जाऊन महिना झालेला नाही."

"हो, हो, वाईट झालं. मग पुढच्या महिन्यात—"

"तिला तुम्ही इथूनच उठवलं होतं."

सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला.

"अहो सर, गैरसमज होता तो. मी तेव्हाच नाही का बोललो तुमच्याशी?"

"माझ्याशी बोललात. तिच्याशी नाही."

माझा आवाज चढला नाही. तेवढी ताकदच नव्हती. मी सभेची वही मागितली आणि लिहिलं : भिंतीवरच्या चित्राला माझा विरोध आहे. बाक होता तिथं परत बांधावा. कुणीही बसेल. खाली सही केली. काकूंनी वही माझ्या हातून घेतली आणि त्याखाली आपली सही केली. बाकी कुणी केली नाही. कपाटाचा आणि चित्राचा ठराव मंजूर झाला.

यातलं काहीच आईपर्यंत पोचत नाही. ज्या दिवशी बोलायला हवं होतं त्या दिवशी मी हसलो, आणि ती घरात बसून गेली. हे आता बदलत नाही.

आता शाळेतून आलो की मी वर जात नाही. पिशवी बाजूला ठेवतो आणि त्या पांढरट चौकोनावर, फरशीवर बसतो. लोक चपला वाजवत बाजूनं जातात. काही जण फोनमध्ये बघतात. उद्या कपाट घेऊन सुतार येईल, रंगारी येईल, सेक्रेटरी येतील. म्हणतील, सर, उठा.

मी उठणार नाही. आणि हसणार नाही.