मांजरीची माती

समोर काहीही ठेवा, तो अगोदर चिमूट उचलायचा. अंगठा आणि दोन बोटं. जरा चोळायची, नाकाला लावायची, डोळे बारीक करायचे आणि हळूच खाली सोडायची. मोंढ्यात उभी हयात तूर-ज्वारी पारखण्यात गेली होती त्याची. शेतकरी पोत्याजवळ घाम पुसत उभा, आणि हा एका चिमटीत सांगायचा, "ओली हाय." संपलं. कुणाला विचारणं नाही. तुम्हीही असली माणसं पाहिली असतील.

तर असा माणूस म्हातारपणी एका मांजरीला विचारून चालायला लागला.

परळीत आमची घरं भिंतीला भिंत लावून. मी मेंढरं राखून म्हातारा झालेला. शाळा दुसरीपर्यंत, पण माती, पाणी आणि जनावर ह्या तीन गोष्टींत मला कुणी शिकवायला येऊ नये. रोज सकाळी मी त्याच्या ओट्यावर जायचो आणि आम्ही दुपारपर्यंत भांडायचो.

मांजरी पांढरीशुभ्र. पुढचा उजवा पाय गुडघ्यापासून नाही, ट्रकखाली गेला. गल्लीत कुत्री लई, म्हणून तिला बाहेर सोडता येत नव्हतं. मग घाण करायला ती घरातच जागा शोधायची, आणि तिला जागा आवडायची ती एकच. त्याच्या सूनबाईंच्या घडी घातलेल्या वाकळा.

सूनबाई तोंडानं फटकळ, पण खोटं बोलणारी नव्हे. नवरात्र जवळ आलं तशी ती म्हणाली, "मामा, घट बसायच्या आधी मी समद्या वाकळा धुणार हाय. धुतल्यावर एक जरी भरली, तर मांजरी रानात."

तीन पायांची मांजरी रानात गेली तर किती दिवस टिकेल, हे मला सांगायला नको. त्यालाही नको होतं. त्या दिवशी त्यानं भाकरी कुस्करली आणि तशीच ठेवली.

त्याच्या पोरानं बीडहून एक पिशवी आणली. मांजरीसाठी तयार वाळू, म्हणे. मी म्हातारा झालो पण वाळू पिशवीतून विकत आणलेली पहिल्यांदा पाहिली. ह्यानं चिमूट उचलली, नाकाला लावली आणि सटकन शिंकला.

"ह्याला अत्तर कावून लावलंय बे? हागायचंय का लग्नाला जायचंय?"

"फेकून दे," मी म्हटलं.

"आपण कोण ठरवणार? तिला इचारू."

जुन्या परातीत ती वाळू पसरली. मांजरी आली, वास घेतला, दोनदा शिंकली आणि सरळ वाकळांकडे निघाली. त्यानं तिला मधेच उचललं.

मी म्हटलं, "परळीत राहून वाळू विकत आणतोस? राख घे." वीजकेंद्राच्या परळीत राखेला काय तोटा. मीच पाटीभर आणली. माझी आई मेंढरांच्या कोकरांखाली राख पसरायची, मला माहीत होतं. मांजरी परातीत शिरली, उकरलं, आणि परात दिसेनाशी झाली. धुरळा खाली बसला तेव्हा मधून करड्या रंगाचं जनावर बाहेर पडलं आणि घरभर तीन-तीन पावलं उमटवत हिंडलं.

सूनबाई चुलीपासून ओरडली, "अहो मामा, एक मांजर पुरं न्हाई झालं म्हणून दुसरं आणलंत का?"

मी हार मानणारा नव्हे. दुसऱ्या दिवशी मेंढरांच्या वाळलेल्या लेंड्या परातीत नेऊन ओतल्या. हलक्या, कोरड्या, ओल शोषणाऱ्या. त्यानं चिमूट उचलली आणि माझ्याकडं बघतच राहिला.

"परात तर तू आधीच भरून ठेवलीस की बे."

मांजरीनं बघितलं आणि तोंड फिरवलं. कुणीतरी आत बसलंय म्हणून माणूस दारातून परत फिरतो ना, तशी.

वाकळा धुऊन झाल्या. घट उद्यावर आला.

देवीच्या घटाला दर साली माझ्या रानातली काळी माती जायची. घाटनांदूरच्या रस्त्याला माझं रान आहे. चाळून, खडे काढून, टोपलं भरून मी स्वतः नेऊन द्यायचो. गल्लीत तो माझा मान होता. त्या साली संध्याकाळी टोपलं त्याच्या घरी दिलं आणि परत आलो.

सकाळी गेलो तर हा टोपल्याकडं पाठ करून, हात पसरून उभा. समोर सूनबाई, न्हाऊन, नवं लुगडं नेसून.

"मामा, सरका. माती घ्यायचीय."

"माती पारखायलोय."

"इतक्या सालांत न्हाई पारखली ती?"

काहीतरी करावं म्हणून त्यानं मागं वाकून सवयीनं चिमूट उचलली. चोळली. नाकाला लावली. त्याच्या तोंडाकडं बघून सूनबाईला सगळं समजलं. मलाही समजलं. मांजरी कोपऱ्यात अंग चाटत बसली होती.

मग सूनबाई वाकून वाकळांच्या घड्या एकेक दाबून आली. सगळ्या कोरड्या.

"जागेवर केलंय न्हवं," ती म्हणाली. "मग ऱ्हाऊ द्या तिला. पर आबा, आजपासून तुमची माती मांजरीची. देवीला मी दुसऱ्या रानातली आणते."

मला म्हणाली हे! माझी माती! मी तिथंच पाठ फिरवली आणि दोन दिवस ओट्यावर गेलो नाही. तिसऱ्या दिवशी तोच भिंतीपलीकडून बोलला.

"देवी कुणाचीबी माती घेती बे. हिनं बीडची न्हाई घेतली, राख न्हाई घेतली. तुझी घेतली."

मी थोडा वेळ ताणून धरलं. मग टोपलं भरायला गेलो.

काळ्या मातीचा ओल्या जागी गोळा होतो, तेवढाच उचलायचा, बाकीची तशीच कोरडी राहते. पण एक अडचण होती. मांजरी झाकायला जायची ती नेमक्या नसलेल्या पायानं. थोटूक हवेत हलायचं, माती जागची हलायची नाही. चार-पाच वेळा हलवून झालं की मान वळवून त्याच्याकडं बघायची. मग तो खुरपं घेऊन बसायचा, माती ओढायचा आणि विचारायचा, "झालं का मनासारखं?" मी हसायचो. म्हणायचो, मेंढरांमागं जन्म गेला, पण कुणाची घाण झाकायला मी कधी खाली बसलो नाही.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. तीन दिवसांचा ताप, एवढंच.

मांजरी सूनबाईकडंच आहे. टोपलं मीच नेतो. परवा नेलं तेव्हा सूनबाईनं माती परातीत ओतली, आणि ओतता ओतता तिची तीन बोटं चिमूट उचलून नाकाकडं गेली. माझ्याकडं लक्ष जाताच हात पदराला पुसला.

मांजरी आली. उकरलं, बसली. मग थोटूक हवेत हलवायला लागली. एकदा, दोनदा, पाचदा. मान वळवून तिनं माझ्याकडं बघितलं.

माझे गुडघे दुखतात. तरी बसलो. खुरपं तिथंच भिंतीला टेकलेलं होतं.